दुसऱ्या खेळाची माणसं

माझी वहिनी कवळ्या बनवते. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिथं बसून गेली सत्तावीस वर्षं ती लोकांचं हसू दुरुस्त करते आहे. दवाखान्यातून माप येतं, ती प्लास्टरचा साचा ओतते, मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवते आणि चाचणीला पाठवते. एखाद्या आजोबांनी "चावता येत नाही" म्हटलं की सगळं परत येतं आणि वहिनी पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात करते. कुरकुर नाही. तिच्या केसांत कायम प्लास्टरची पूड असते, त्यामुळे तिचे केस खरे कधी पिकले हे घरात कुणालाच कळलं नाही.

मी तिची नणंद. नणंदेनं भावजयीचं कौतुक करावं हे जगरहाटीला धरून नाही, तेव्हा वाचणाऱ्यानं निम्मं वजा करून घेतलं तरी माझी हरकत नाही. उरलेलं निम्मं मात्र खरं आहे.

वहिनीला सिनेमाचं वेड आहे. म्हणजे मोठमोठ्या पोस्टरवरच्या सिनेमांचं नव्हे. आमच्याकडे वर्षातून एकदा, चार पडद्यांच्या एका जुन्या थिएटरात, पाच दिवसांचा महोत्सव भरतो. ज्यांच्या मागे कुणी नाही अशा लोकांनी घर गहाण टाकून, मित्रांचे कॅमेरे उसने आणून केलेले सिनेमे तिथं येतात. तो महोत्सव जवळ आला की वहिनीचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. सिनेमांची यादी आली की ती दवाखान्यातल्या यंत्रावर छापून घेते आणि कामाच्या टेबलासमोर चिकटवते. कवळीला चकाकी देता देता नावं वाचते आणि नुसत्या नावावरून आत काय असेल ते ठरवते. शंभरात नव्वद वेळा चुकते. त्याचंही तिला काही नाही. "वाट बघण्यातच अर्धा सिनेमा होतो गं," असं म्हणते.

दादा एकदाच तिच्याबरोबर गेला होता. बर्फातून चालत जाणाऱ्या एका माणसाचा सिनेमा होता. दादा झोपला, उठला, तरी तो माणूस चालतच होता. तेव्हापासून ते पाच दिवस दादा घर सांभाळतो, भांडी घासतो, आणि त्यातच सुख मानतो. त्याच्या जागी मी जायला लागले. मला सिनेमातलं काही कळत नाही, पण शाळेच्या कार्यालयात वर्षभर दाखले लिहिणाऱ्या बाईला पाच दिवस दुसऱ्यांच्या भानगडी बघायला मिळाल्या तर कोण सोडील?

रांगेत आमची चार जणांची टोळी जमली. वहिनी, मी, सरकारी नकाशे काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना सगळे नकाशेकाका म्हणतात, आणि औषधांच्या दुकानाचे मालक, जे दुकानाचा फोन येईल म्हणून कायम कडेच्या खुर्चीत बसतात. आमची एक पद्धत आहे. महोत्सवात प्रत्येक सिनेमा दोनदा दाखवतात. सगळेच बघायचे तर माणसाला चार डोळे हवेत. म्हणून वेळापत्रक आलं की आम्ही वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर बसून वाटणी करतो. पहिल्या खेळांना आम्ही एकेकटे पांगतो. बाहेर आलं की ज्यानं जो चाखला त्यानं तो कसा आहे ते चहा पिता पिता सांगायचं. त्यातले जे अस्सल निघतील, त्यांच्या दुसऱ्या खेळाला चौघांनी मिळून जायचं. नकाशेकाका त्याचा तक्ता असा आखतात की त्यावरून धरण बांधता यावं.

वहिनीचा शब्द या रांगेत चालतो. अनोळखी लोकसुद्धा येऊन विचारतात, "ताई, काय बघू?" कारण महोत्सवाच्या एकोणीस वर्षांत तिनं न बघितलेला सिनेमा कधी चांगला म्हटलेला नाही, आणि वाईट सिनेमाला कुणाच्या भिडेनं बरा म्हटलेलं नाही. एकदा एका दिग्दर्शकानंच तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमचा भिकारी फार छान रडतो हो, पण त्याचे दात आठवड्यापूर्वी साफ केलेले आहेत." तो बिचारा तोंडावर हात ठेवून निघून गेला.

आठ वर्षांपूर्वी रांगेत एक मुलगी आली. विमा कंपनीत काम करायची. नुकसान झालेल्या घरांत जाऊन पाहणी करायची आणि ऑफिस सुटलं की धापा टाकत येऊन रांगेच्या शेवटी उभी राहायची. वहिनीनं तिचं नाव शेपूट ठेवलं. शेपूट वहिनीला मावशी म्हणायची, आमच्या डब्यात हात घालायची, आणि सिनेमा संपल्यावर वहिनीशी इतकी भांडायची की औषधवाले मधे पडायचे. दोन वर्षांनी एकदा ती म्हणाली, "मावशी, मी नोकरी सोडली. सिनेमा करतेय." वहिनीनं तिला खुळी म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन तिच्यासाठी दुकान मांडावं तसा खाऊचा डबा भरायला घेतला.

त्या एका सिनेमाला सहा वर्षं लागली. मधे पैसे संपले, एक नट सोडून गेला, चित्रण केलेलं अर्धं फुकट गेलं. शेपूट भेटली की वहिनी फक्त "जेवतेस का?" एवढंच विचारायची. काही दाखव म्हटलं तर शेपूट म्हणायची, "नाही. तुम्ही पडद्यावरच बघायचा."

आणि या वर्षीच्या यादीत तो होता. वहिनीनं यादी चिकटवली, पण त्या ओळीवर बोट ठेवून उभीच राहिली. बाहेर दंतवैद्य दोनदा हाका मारून गेले. महिनाभर रांगेतले जुने लोक भेटले की एकच विषय. "आपल्या शेपटीचा आलाय म्हणे." ज्यांनी तिला फक्त डबा खाताना पाहिलं होतं तेही तिच्याबद्दल घरच्या लेकीसारखे बोलायला लागले.

वाटणीच्या आदल्या दिवशी शेपूट वहिनीकडे आली होती. विमा कंपनीचं पत्र आलं होतं. जुन्या जागेवर परत घ्यायला ते तयार होते, पण उत्तर महोत्सवानंतरच्या सोमवारपर्यंत हवं होतं. "मावशी, मी अजून सहा वर्षं नाही ओढू शकत," ती म्हणाली. "कुणी बक्षीस द्यावं असं नाही. मला फक्त लोकांचे चेहरे बघायचेत, अंधारात. ते मेलेले दिसले तर मी सोमवारी हो म्हणून कळवीन. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही." वहिनीनं हे मला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती, आणि तिनं एकच भाजी इतकी बारीक चिरली की शेवटी तिचा लगदा झाला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर वाटणी झाली. शेपटीच्या सिनेमाचा पहिला खेळ गुरुवारी सकाळी अकराला, दुसरा शनिवारी दुपारी चारला. नकाशेकाकांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "गुरुवारी कोण?"

मग वहिनी म्हणाली, "घरचं आहे ते. चाखायला कशाला कुणी हवं? शनिवारी सगळे मिळून जाऊ." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. आम्हाला ते फार थोर वाटलं. ज्याची सगळ्यात जास्त वाट पाहिली तो सिनेमा एकेकट्यानं उष्टावायचा नाही, चौघांनी एकत्र बघायचा. काकांनी शनिवारच्या चौकटीत लाल वर्तुळ काढलं. गुरुवारी अकराची चौकट कोरी राहिली. एकाच्याही डोक्यात आलं नाही की शेपटीला आमच्या तक्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्यासाठी तिच्या सिनेमाचा खेळ म्हणजे पहिला खेळ.

आमच्यावरून इतरांनीही तेच केलं. रांगेतले निम्मे लोक आता आमच्या पद्धतीनंच जातात. ज्यांना ज्यांना तो बघायचा होता, त्या सगळ्यांनी तो शनिवारसाठी राखून ठेवला.

गुरुवारी मी पलीकडच्या पडद्यावर दोन बहिणींचा एक सिनेमा चाखत होते. बाहेर आले तर शेपूट जिन्यात बसलेली. नवा शर्ट, इस्त्री केलेला. मी हसत तिच्याकडे गेले आणि तिचा चेहरा बघून माझं हसू विरलं.

"नऊ जण होते," ती म्हणाली. "तीनशे खुर्च्या आणि नऊ जण. त्यातले दोघं झोपले. एक तर थिएटरचाच माणूस होता, दाराशी उभा." मग तिनं मान वर केली. "तुम्ही कुठं होता?"

"मी... त्या पलीकडच्या."

"आणि मावशी?"

"ती वरच्या मजल्यावर. अगं, आम्ही सगळे शनिवारी येणार आहोत. आमचं ठरलंय ना, जो आवडता असतो तो—"

तक्त्यावर जे इतकं शहाणपणाचं दिसत होतं, ते तोंडातून बाहेर पडताना निव्वळ मूर्खपणाचं वाटलं. शेपटीनं ते पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार, वाईट आहे म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही तोंडावर बोलत नाही एवढंच. राहू द्या. मला कळलं." ती उठली, शर्टाची मागची धूळ झटकली आणि निघून गेली. शनिवारी येणार नाही असं जाता जाता सांगून गेली.

वहिनी वरून उतरली, तिला मी सगळं सांगितलं. ती जिन्याच्या त्याच पायरीवर बसली, जिथं शेपूट बसली होती. मला वाटलं आता ती मला तरी बोलेल, नकाशेकाकांना तरी. ती म्हणाली, "चूक माझी आहे. ते घरचं आहे, एकत्र बघू, हे सगळं मी वरवर बोलले. मी घाबरले होते गं. आपला तो बाब्या, असं जग म्हणतं. मला नुसतं आपला म्हणून कुणाला बाब्या म्हणता येत नाही. तो वाईट निघाला तर तिच्यासमोर एकटीनं काय बोलणार? चौघांत असलं की कुणीतरी आधी बोलेल, असं वाटलं." सत्तावीस वर्षं परक्यांच्या तोंडात हात घालणाऱ्या बाईला आपल्या तोंडाची भीती वाटली होती. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदमच.

तिनं त्या दुपारचे दोन्ही सिनेमे सोडले. आम्ही शेपटीच्या खोलीवर गेलो. थिएटरच्या मागच्या गल्लीतच ती राहते, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा टेबलावर लॅपटॉप सुरू होता. पडद्यावर विमा कंपनीला लिहिलेलं पत्र होतं, तीन ओळींचं. शेजारी काही नव्हतं, वही नाही, कागद नाही. पूर्वी तिच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नसायची.

वहिनीनं समजूत घातली नाही. जे मला सांगितलं तेच तिला सांगितलं, एक शब्द न गाळता. शेपूट ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आधीच वाटत होतं की तो वाईट असेल."

"वाटत नव्हतं. भीती होती. त्यात फरक आहे." वहिनी दारापाशी गेली. "शनिवारी यायचं नसेल तर नको येऊस. पण पत्र शनिवारनंतर धाड. सोमवारपर्यंत मुदत आहे ना? मग आजच कशाला मान पुढं करतेस?"

जिना उतरताना वहिनी मधेच थांबून कठड्याला धरून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आम्ही नणंद-भावजय एका परक्या इमारतीच्या जिन्यात बराच वेळ तशाच उभ्या होतो.

शुक्रवारी रांगेत लोक नेहमीप्रमाणे विचारायला आले. "ताई, काय बघू?" आता इथं खरी अडचण होती. शेपटीचा सिनेमा उत्तम आहे असं वहिनीनं नुसतं म्हटलं असतं तर दीडशे माणसं सहज गेली असती. मी तिला कोपरानं ढोसलंही. "म्हण की चांगला आहे म्हणून. एकदा खोटं बोललीस तर आकाश कोसळणार नाही."

"मग तिनं बघितलेले चेहरे खोटे असतील," वहिनी म्हणाली. "तिला तेच तर बघायचेत."

आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत राहिली. "शनिवारी चारचा एक आहे. मी बघितलेला नाही. कसा आहे मला माहीत नाही. करणारी मुलगी या रांगेत उभी राहायची. पहिल्या खेळाला नऊ माणसं होती, ती चूक आमची. मी मधल्या रांगेत बसणार आहे. तुम्हाला यायचं तर या, नाही आवडला तर उठून जा."

असली जाहिरात कुणी कधी ऐकली नव्हती. लोक हसले, एकमेकांना सांगायला लागले. कवळीवाल्या ताईंनी न बघता एका सिनेमाचं नाव घेतलंय, ही बातमी संध्याकाळपर्यंत बाकीच्या पडद्यांच्या रांगांतही पोचली होती. कशाबद्दल आहे तो, असं एक जण विचारायचा, आणि दुसरा म्हणायचा, त्यांनाही माहीत नाही म्हणे. चांगला आहे म्हटलं असतं तर लोकांनी मान हलवून सोडून दिलं असतं. माहीत नाही म्हटल्यावर त्यांना राहवेना. औषधवाल्यांनी तर दुकानात गोळ्या घ्यायला आलेल्या माणसालाही वेळ सांगून टाकली. नकाशेकाकांनी तक्त्यावरची गुरुवारची कोरी चौकट खोडरबरानं इतकी घासली की तिथं कागदाला भोक पडलं.

शनिवारी साडेतीनला रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली होती. पुढच्या दोन ओळी आणि खांबामागच्या खुर्च्या सोडल्या तर थिएटर भरलं. शेपूट कुठं दिसत नव्हती. वहिनी मधल्या रांगेत बसली, शेजारी मी. दिवे गेले.

सिनेमा एका विमा पाहणी करणाऱ्या माणसाचा होता. एका म्हाताऱ्याचं स्वयंपाकघर जळालेलं असतं. हा माणूस अर्ध्या तासात काम उरकून जायच्या बेतात येतो, आणि म्हातारा प्रत्येक जळकी वस्तू उचलून ती कुणाची, कधीची ते सांगत बसतो. एवढंच. पहिली दहा मिनिटं मी घट्ट मुठी आवळून बसले होते. मग कधी सैल झाल्या कळलं नाही. म्हाताऱ्यानं काळा पडलेला एक चमचा उचलला, त्याबद्दल काही बोललाच नाही, नुसता खिशात टाकला. त्या माणसानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून कागदावर काहीतरी खरडलं. सगळं थिएटर श्वास रोखून होतं. माझ्यापुढचा एक दांडगा गृहस्थ डोळे पुसत होता आणि शेजारणीला सर्दी झाल्याचं सांगत होता.

मी वहिनीकडे वळले तर ती उठत होती. सिनेमा अर्ध्यावर होता. ती वाकून, लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर निघाली. पाच-सहा जणांनी तिला जाताना पाहिलं आणि एकमेकांकडे बघितलं.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. ती शेपटीच्या खोलीकडे निघाली होती, पण तिला तिथवर जायची वेळच आली नाही. समोरच्या बसथांब्यावर शेपूट बसली होती. तीन वाजल्यापासून बसली होती, अकरा बस सोडल्या होत्या. रांग आत जाताना तिनं पाहिली होती, पण पाय उचलत नव्हता.

वहिनीला एकटीला बाहेर आलेली पाहून ती पांढरीफटक पडली. "उठून आलात? मावशी, तुम्हीसुद्धा उठलात?"

"वाईट असता तर झोपले असते," वहिनी म्हणाली. "मी गुंतले होते आणि मधेच लक्षात आलं, जिला हे बघायचंय तीच इथं नाही. चेहरे बघायचे होते ना तुला? दिवे लागले की सगळे शहाणे होतात. आत्ता अंधारात आहेत तोवर चल."

बाजूचं दार हळूच उघडलं आणि उजेडाची एक पट्टी भिंतीवर पडून गेली. पडद्याच्या कडेला, भिंतीला टेकून दोघी उभ्या राहिल्या, पडद्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून. उरलेला सगळा वेळ शेपूट आमच्याकडे बघत होती आणि वहिनी तिच्याकडे. पडद्याचा उजेड तिच्या गालावर हलत होता. एका ठिकाणी सगळे हसले तेव्हा ती दचकली. तिथं हसतील असं तिला सहा वर्षांत वाटलं नसावं.

दिवे लागले. टाळ्या सुरू झाल्या. मांडवात पडतात तशा धो धो नव्हे, सावकाश आणि बराच वेळ. महोत्सवाच्या माणसानं शेपटीला पुढं बोलावलं आणि कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं. मागच्या ओळीतून एक अनोळखी बाई उठली, गळ्यात पिशवी, घाईत दिसत होती. "मला पुढच्या सिनेमाला पळायचंय," ती म्हणाली, "एवढंच सांगा, तुमचा दुसरा कधी येणार?"

शेपटीनं वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहायला घेतलाय."

धादांत खोटं. तिच्या टेबलावर काय होतं ते आम्ही दोघींनी गुरुवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी वहिनीकडे बघितलं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. इतक्या आनंदात मी तिला तिच्या लेकाच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

बाहेर जिन्यात लोकांनी शेपटीला घेरलं, मग हळूहळू पांगले. सव्वासहाच्या खेळाची रांग लागत होती. ती आमच्यापाशी आली. "खोटं बोलले मी, मावशी."

"ऐकलं मी. आता लिहावं लागेल."

"मधे सात मिनिटं जास्त आहेत. लोक खुर्चीत हलले. काढायला हवीत." तिचं बोलणं वाहत सुटलं होतं. मधेच ती थांबली. "आणि शेवट? शेवट कसा वाटला तुम्हाला?"

"मी कुठं बघितला?" वहिनी म्हणाली. "माझी पाठ होती."

शेपटीनं कपाळावर हात मारून घेतला. तिसरा खेळ नव्हता. मग तिनं वहिनीला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि समोर उभी राहून अर्ध्यापासून सांगायला लागली. म्हातारा झाली, तो पाहणीवाला झाली, जळकं कपाट झाली. जाणारे-येणारे वळसा घालून जात होते. वहिनी हनुवटीवर हात ठेवून बघत होती.

वरून नकाशेकाकांनी हाक मारली, की दार बंद होतंय, हा सिनेमा पुन्हा लागणार नाही. वहिनीनं मान न वळवता हात हलवला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी इथला बघतेय."